ब्रिटिश नेत्यांची वाक्यं वापरताय? निदान या चुका टाळा

दर वर्षी १४ ऑगस्टच्या रात्री माझ्या फोनवर चर्चिलसाहेब हजर होतात. तिरंग्याची चौकट, मधे सिगारवाला फोटो आणि खाली भाकीत: भारत स्वतंत्र झाला तर सत्ता चोर-लुटारूंच्या हाती जाईल. पाठवणारे बहुतेक माझेच जुने सहकारी असतात. म्हणजे ज्यांनी हयातभर दुसऱ्यांच्या बातम्यांवर लाल पेन चालवलं, ते. हे वाक्य चर्चिल यांच्या एकाही भाषणात किंवा लेखात सापडलेलं नाही. पूर्वी मी उत्तर द्यायचो, आता अंगठा दाखवून झोपतो.

एका मराठी दैनिकाच्या परदेश पानावर मी २२ वर्षं काढली. त्या काळात ब्रिटिश राजकारणातली तीच ती वाक्यं, त्याच त्या मोडक्या अवस्थेत, किती वेळा माझ्यासमोर आली याचा हिशेब नाही. आता हीच वाक्यं यूट्यूबवरच्या ‘जग समजून घ्या’ छापाच्या व्हिडिओंत दिसतात, फरक इतकाच की मागे संगीत असतं.

तिकडची चिखलफेक आपल्यापेक्षा सोवळी आहे, असा एक गैरसमज आधी डोक्यातून काढा. ‘टोरी’ हा शब्द मुळात आयर्लंडमधल्या दरोडेखोरांसाठी होता आणि ‘व्हिग’ हा स्कॉटलंडमधल्या बंडखोरांसाठी. दोन्ही शिव्याच. पुढे त्याच शिव्या पक्षांची नावं झाल्या आणि काँझर्वेटिव्ह पक्षासाठी टोरी तर आजही चालतं. मात्र हाउस ऑफ कॉमन्समध्ये समोरच्याला थेट खोटारडा म्हणता येत नाही. जुलै २०२१मध्ये खासदार डॉन बटलर यांनी पंतप्रधान जॉन्सन खोटं बोलले असं म्हटलं, शब्द मागे घेतले नाहीत, आणि त्यांना त्या दिवसापुरतं बाहेर जावं लागलं. त्यामुळे तिथला पट्टीचा चिखलफेक्या स्वतः शिवी देत नाही. तो समोरच्याचंच वाक्य घेतो, हवं तिथे कापतो आणि त्याच्याच अंगावर फेकतो. आपण इथे पुण्यात बसून तो तुकडा उचलतो आणि ‘ऐतिहासिक वक्तव्य’ म्हणून चौकटीत लावतो.

आधीचं वाक्य न वाचणं

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही चांगली ठळक टायपात.

८ एप्रिल २०१३. संध्याकाळी मार्गारेट थॅचर गेल्याची बातमी आली. पान जवळजवळ लागलेलं होतं, ते मोडलं. मुख्य बातमी एजन्सीची, शेजारी लेख, आणि खाली जागा उरली म्हणून ‘थॅचर यांची गाजलेली वक्तव्ये’ अशी पाच वाक्यांची चौकट मी वीस मिनिटांत केली. त्यातलं दुसरं होतं: ‘समाज नावाची गोष्टच नसते.’ खाली मी लिहिलं, ‘संसदेत, १९८७’. संसदेत का? पंतप्रधान आहेत, तर संसदेतच बोलल्या असणार, एवढाच माझा पुरावा.

चार दिवसांनी सांगलीहून एका निवृत्त मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ: ‘संसदेत कोणत्या तारखेस, ते कळवावे.’

कळवावे म्हणून शोधायला बसलो. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाची अधिकृत नोंद, तिला तिकडे ‘हॅन्सर्ड’ म्हणतात, इंटरनेटवर फुकट आहे. त्यात ते वाक्य नव्हतं, कारण ते संसदेतलं नव्हतंच. ‘वुमन्स ओन’ नावाच्या बायकांच्या साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीतलं होतं. मुलाखत सप्टेंबर १९८७मधली, छापून आली ३१ ऑक्टोबरला. थॅचर तिथे अशा लोकांबद्दल बोलत होत्या, ज्यांना प्रत्येक अडचणीवर सरकारनेच उपाय करावा असं वाटतं. हे लोक आपले प्रश्न समाजावर ढकलतात, असं म्हणून त्यांनी विचारलं, समाज म्हणजे कोण? अशी काही गोष्टच नाही. आहेत ते एकेकटे पुरुष, बायका आणि कुटुंबं. आणि पुढे लगेच: आधी स्वतःची काळजी घेणं आणि मग शेजाऱ्याला हात देणं हे आपलं कर्तव्य आहे.

शेजारी कापला गेला. माझ्या चौकटीतही आणि जगभरही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बाई निर्दोष. मी तसं म्हणत नाही. पूर्ण उतारा वाचूनही मला त्यांचं म्हणणं पटत नाही. त्यांच्या काळात ज्या गावातली खाण बंद झाली तिथल्या शेजाऱ्याने शेजाऱ्याला हात द्यायचा कुठून? पण हा वाद मला पूर्ण उताऱ्याशी घालता येतो. कापलेल्या चार शब्दांशी काय वाद घालणार?

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पद्धत वगैरे म्हणू नका, सवयच. अवतरण चिन्हात घालायचं वाक्य सापडलं की त्याच्या वरची पाच आणि खालची पाच वाक्यं छापून घेतो आणि पेन्सिलीने वाचतो. स्क्रीनवर वाचलं की डोळा ठळक शब्दावर जातो आणि बाकीचं घरंगळतं. वरची-खालची वाक्यं मिळाली नाहीत तर अवतरण चिन्हं काढून टाकतो. ‘अशा आशयाचं बोलल्या’ एवढं लिहिल्याने पान ओस पडत नाही.

नवीन मुलांना हे सांगितलं की ती घड्याळाकडे बघतात. बघा. मीही त्या दिवशी घड्याळाकडेच बघत होतो.

जर-तर गाळणं, शेपूट तोडणं

१२ मे २०२५ला पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी स्थलांतरावर भाषण केलं. मराठीत मथळे फिरले: ‘ब्रिटन अनोळखी लोकांचं बेट झालंय’. ते म्हणाले होते की न्याय्य नियम नसतील तर आपण अनोळखी लोकांचं बेट होण्याचा धोका आहे. ‘तर’ गेला की इशाऱ्याचं निदान होतं. शब्द तरीही जाचकच होते, आणि पुढच्याच महिन्यात खुद्द स्टार्मर यांनी ते वापरल्याचा पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं. पण पश्चात्ताप त्यांनी केला तो त्यांच्या वाक्याचा, आपल्या मथळ्याचा नव्हे.

मजूर पक्षाचे नेते पीटर मँडेलसन यांचं ‘लोक गडगंज श्रीमंत झाले तरी आम्हाला काही वाटत नाही’ हे त्या पक्षाच्या डोक्यावर पंचवीसेक वर्षं मारलं जातंय. त्याचं शेपूट: ‘जोवर ते कर भरतात तोवर’.

पंतप्रधान मॅकमिलन यांचं ‘इतके चांगले दिवस कधीच नव्हते’ हे जुलै १९५७मधल्या बेडफर्डच्या भाषणातलं. लोक ते फुशारकी म्हणून देतात. त्या भाषणात पुढे महागाईची काळजी आहे आणि हे टिकेल का, असा प्रश्न आहे.

मथळ्यातलं अवतरण हे तोंडचं वाक्य समजणं

ब्रिटिश वर्तमानपत्रं मथळ्यात एकेरी अवतरण चिन्ह घालतात, तेव्हा ते शब्दशः असेलच असं नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘असा दावा’ एवढाच असतो. काही वेळा तर चिन्हंही नसतात आणि वाक्य नेत्याच्या नावावर चिकटतं ते कायमचं. जानेवारी १९७९, संपांनी गांजलेला हिवाळा. पंतप्रधान जेम्स कॅलाहन कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरच्या परिषदेहून उन्हात रापून परतले. विमानतळावर पत्रकारांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की देशात गोंधळ वाढतोय हे मत जगातल्या इतरांना पटेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी, ११ जानेवारीला, ‘द सन’ने मथळा दिला: संकट? कसलं संकट? हे शब्द उपसंपादकाचे. पण पुस्तकांतून, परीक्षांच्या गाइडांतून आजही ते कॅलाहन ‘म्हणतात’. मे महिन्यात सरकार गेलं. एका उपसंपादकाचं वाक्य पंतप्रधानाच्या नावावर अमर झालं म्हणून आमच्या बिरादरीला थोडा अभिमान वाटतो, हे कबूल करतो.

‘हूडीवाल्याला (म्हणजे टोपीचा सदरा घालून हिंडणाऱ्या टवाळ पोराला) मिठी मारा’ हेही काँझर्वेटिव्ह नेते डेव्हिड कॅमरन म्हणाले नव्हते. २००६मध्ये त्यांच्या भाषणाची खिल्ली उडवायला विरोधकांनी ते बनवलं.

विशेषण उचलणं, विशेष्य सोडणं

जेरेमी कॉर्बिन मजूर पक्षाचे नेते झाल्यावर, ऑक्टोबर २०१५मध्ये, आपल्या पक्षाच्या परिषदेत पंतप्रधान कॅमरन यांनी सांगितलं की हा माणूस ओसामा बिन लादेनच्या मृत्यूला शोकांतिका मानतो. टाळ्या. कॉर्बिन यांचं मूळ बोलणं २०११चं: त्याला पकडून खटला चालवण्याचा प्रयत्नच झाला नाही, ही शोकांतिकेवरची आणखी एक शोकांतिका. त्याच दमात त्यांनी वर्ल्ड ट्रेड सेंटरवरच्या हल्ल्यालाही शोकांतिकाच म्हटलं होतं. शब्द खरा, तोंड खरं, फक्त तो शब्द कशाला लागू होता ते बदललं. ही चलाखी सगळ्यांत अवघड, कारण शोधायला गेलात तर शब्द सापडतो आणि तुम्ही ‘तपासलं’ म्हणून मोकळे होता.

व्हिडिओचंही तेच. नोव्हेंबर २०१९मध्ये काँझर्वेटिव्ह पक्षाने मजूर पक्षाच्या स्टार्मर यांच्या टीव्ही मुलाखतीची क्लिप अशी कापली की प्रश्नावर ते निरुत्तर झालेले दिसावेत. प्रत्यक्षात त्यांनी लगेच उत्तर दिलं होतं. क्लिप मागची दोन मिनिटं आणि पुढची दोन मिनिटं बघा. दोन मिनिटं नाहीत म्हणणाऱ्याने बातम्या देऊ नयेत, रील करावेत.

संदर्भ म्हणजे सुटका, असं समजणं

वरचं सगळं वाचून उत्साही माणूस दुसऱ्या टोकाला जातो. ‘इनॉक पॉवेल रक्ताच्या नद्या असं म्हणालेच नव्हते!’ हे मला एका तरुणाने असं सांगितलं, जणू पॉवेल निवडणुकीला उभे आहेत आणि हा त्यांचा पोलिंग एजंट. बरोबर, नव्हते म्हणाले. २० एप्रिल १९६८ला बर्मिंगहॅममध्ये स्थलांतराविरुद्ध बोलताना या काँझर्वेटिव्ह खासदाराने व्हर्जिल या रोमन कवीचा दाखला देऊन रक्ताने फेसाळलेल्या टायबर नदीचं नाव घेतलं. नदी एकच. पण पूर्ण भाषण वाचा. पंधरा-वीस वर्षांत काळ्या माणसाच्या हाती गोऱ्यावर उगारायचा चाबूक असेल, हे एका मतदाराचं म्हणणं त्यांनी त्यात सांगितलं, ते खोडून काढायला नव्हे. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी छाया मंत्रिमंडळातून, म्हणजे विरोधी पक्षाच्या पर्यायी मंत्रिमंडळातून, काढलं. संदर्भ जोडल्यावर हे प्रकरण जास्तच काळं होतं.

आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण म्हणजे ‘अर्धनग्न फकीर’. हे दोन शब्द आपण चर्चिल यांच्या नावावर असेच्या असे देतो, आणि बऱ्याचदा प्रसंग सांगतो गोलमेज परिषदेचा, गांधीजी पंचा नेसून बकिंगहॅम राजवाड्यात गेले तेव्हाचा. राजवाड्यातला चहा १९३१च्या नोव्हेंबरमधला. चर्चिल बोलले २३ फेब्रुवारी १९३१ला, आपल्या मतदारसंघातल्या पक्ष कार्यकर्त्यांसमोर. त्यांच्या वाक्यात गांधीजी चढतात त्या पायऱ्या होत्या दिल्लीतल्या व्हाइसरॉयच्या घराच्या, कारण त्या दिवसांत गांधी-आयर्विन बोलणी चालू होती. लंडनच्या मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत (ही चर्चिल यांची चूक, गांधीजी इनर टेंपलचे) वकील झालेला हा राजद्रोही गृहस्थ आता फकिराचं सोंग घेऊन अर्धनग्न अवस्थेत त्या पायऱ्या चढतो, सम्राटाच्या प्रतिनिधीशी बरोबरीने बोलतो, हे बघून धास्ती वाटते आणि मळमळतं, असा त्या वाक्याचा ऐवज. ‘अर्धनग्न’ आणि ‘फकीर’ दोन्ही आहेत, पण लांब लांब. आपण त्यांचा समास केला. आणि समासात मळमळ गेली, राजद्रोह गेला, बरोबरीचा राग गेला. शिवाय त्यातला निम्मा चिखल स्वपक्षीयांसाठी होता: भारताच्या प्रश्नावरून चर्चिल यांनी महिन्याभरापूर्वीच पक्षनेते बाल्डविन यांची साथ सोडली होती आणि व्हाइसरॉय आयर्विन हे त्यांच्याच पक्षाचे. हे कळलं नाही तर ते भाषण केलंच कशाला, हेच कळत नाही.

किरकोळ, पण रोजच्या

‘माय ऑनरेबल फ्रेंड’ म्हणजे स्वपक्षाचा खासदार. मैत्रीचा संबंध नाही. समोरच्या पक्षाचा असेल तर ‘ऑनरेबल जंटलमन’ किंवा ‘लेडी’. आमच्याकडे एका ट्रेनीने ‘जिवलग मित्रालाच धारेवर धरले’ असं लिहिलं होतं, आणि ‘राइट ऑनरेबल’चं ‘उजव्या विचारांचे माननीय’ केलं होतं. तो सन्मान प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, सदस्यांचा, मग ते डाव्यातले डावे असोत.

प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये मांडणं, अमेरिकेत बासनात गुंडाळणं. देश बघून अनुवाद करा.

पंतप्रधान चेंबरलेन १९३८मध्ये ‘आपल्या काळासाठी शांतता’ म्हणाले. इंग्रजीतलं एक शब्दयोगी अव्यय लोक सर्रास चुकवतात, ‘फॉर’चं ‘इन’ करतात. चुकवू नका.

मेकॉलेचं ‘भारतभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही’ हे भाषण २ फेब्रुवारी १८३५ला ब्रिटिश संसदेत झाल्याचं सांगतात. त्या तारखेला मेकॉले कोलकात्यात होता आणि त्याच तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण उपलब्ध आहे. युरोपातल्या ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोलाचं, हे त्यात खरोखर आहे. चिडायला ते पुरेसं आहे, बनावट कशाला हवं?

मास्तरांना मी रीतसर उत्तर लिहिलं: संसदेत नव्हे, साप्ताहिकात, चूक माझी. आठवड्याने दुसरं पोस्टकार्ड आलं: ‘आभारी आहे. उरलेली चार तपासलीत काय?’

तपासली. तीन ठीक निघाली. पाचवं होतं, ‘सव्विशीनंतरही जो पुरुष बसने प्रवास करतो तो आयुष्यात नापास समजावा.’ थॅचर हे कधी म्हणाल्याची नोंद कुठेच मिळाली नाही. ते मी चौकटीत घातलं तेव्हा माझं वय ४७ होतं, आणि त्या रात्री पान सोडून मी स्वारगेटची शेवटची बस पकडायला धावलो होतो.