डॅनिश सागवानी खुर्चीला तेल कसं द्यायचं

पॉलिशला खुर्ची आणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच सांगतं, "मिस्त्री, आरशागत चमकली पाहिजे." देव्हारा, सोफा मी चमकवून देतो. पण १९५०-६० च्या काळातली डॅनिश खुर्ची असली तर मेलामाइन, म्हणजे जाड थराचं चकचकीत पॉलिश, मारायला मी तयार होत नाही. तिचा साग मूळचा थायलंड-ब्रह्मदेशाकडचा, म्हणजे आपल्या ओळखीचाच. खरी कारागिरी हाताच्या दांडीला आहे. ती अशी घासून उतरवलेली असते की सांधा बोटाला लागत नाही. वर जाड थर बसला की ती उतरणच बुजते.

आधी खुर्ची उलटी करून शिक्का बघा. डॅनिश फर्निचर कंट्रोलचा, म्हणजे तिकडं दर्जा तपासल्याचा, गोल शिक्का असला तर उत्तम, नसला तरी खुर्ची नकली ठरत नाही. मग आतल्या बाजूला कापसानं थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर कुणीतरी लाख पॉलिश मारलंय, ते स्पिरिटनंच उतरतं. साइडबोर्ड किंवा टेबल असेल तर कड नीट तपासा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत नसतील तर ते व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, समजा. मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतं ते, त्याला घासायचं मशीन लावायचं नाही.

साबणाच्या पाण्यात फडकं घट्ट पिळून रेषांच्या दिशेनं पुसा आणि दिवसभर सावलीत वाळू द्या. नंतर ३२० नंबरचा पेपर, हातानं, हलका. बॉइल्ड अळशीचं तेल (दुकानात तयार मिळतं, घरी उकळायचं नाही) आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं करून फडक्यानं चोळा. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढा. लोक कंटाळा करतात तो इथंच, आणि मग चिकट थरावर पावसाळ्यात बुरशी धरते. दुसरा हात दोन दिवसांनी, बस्स. कोल्हापुरात हे काम शिमगा झाल्यावर, वळवाच्या आधी उरकावं. आषाढात तेल वाळता वाळत नाही.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं, ढिगाला आपोआप आग लागू शकते. पाण्यात बुडवा, नाहीतर उघड्यावर पसरून वाळवा.

आता बैठक. डॅनिश डिझायनर हान्स वेगनरनं १९४९ साली काढलेल्या वाय खुर्चीच्या (पाठीला इंग्रजी Y सारखी पट्टी असते ती) बैठकीत सुमारे १२० मीटर कागदी दोरी विणलेली असते. ती तुटली की आपल्याकडं लगेच "नवार मारा की" म्हणतात. मारायची नाही. दोरी मागवून घ्या. वेताच्या खुर्च्या विणणारा कारागीर जुनी वीण उसवताना फोटो काढत गेला तर तशीच विणून देतो. पाणी सांडलं तर लगेच टिपून घ्या, आणि पावसाळ्यात खुर्ची ओल आलेल्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.