पावसाळ्यात पीएलजीए इम्प्लांटची चाचणी

पीएलजीए म्हणजे शरीरात हळूहळू झिजत आतलं औषध सावकाश सोडणारा पॉलिमर. त्याची बाटली उणे 20 अंशांवरून काढल्या काढल्या उघडू नका. जून ते सप्टेंबर गोव्याची हवा ओलीचिंब असते. थंड पॉलिमरवर दव धरतं, त्याची साखळी जोडणारे एस्टर बंध आधीच तुटू लागतात आणि पुढे औषध अपेक्षेपेक्षा लवकर सुटतं. बंद बाटली डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला आली, की मगच झाकण फिरवा.

औषध किती वेगाने सुटतं ते पाहायला, या पॉलिमरच्या औषध भरलेल्या इम्प्लांटचं वजन करून ते 7.4 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), 37 अंशांवर हलतं ठेवा. बफर भरपूर घ्या: सगळं औषध सुटलं तरी त्याचं प्रमाण विद्राव्यतेच्या (बफरमध्ये जास्तीत जास्त विरघळू शकेल त्या प्रमाणाच्या) एक तृतीयांशापुढे जाता कामा नये. बफरमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून 0.02 टक्के सोडियम अझाइड पुरतं. ते विषारी आहे आणि तांब्या-शिशाच्या नळीत स्फोटक क्षार बनवतं, म्हणून सिंकमध्ये मुळीच ओतू नका.

बफरचे नमुने 1, 4, 24 तासांनी घ्या, मग आठवड्यातून दोनदा. जितका काढाल तितकाच 37 अंशांचा ताजा बफर घाला. नमुन्यांतून काढलेलं औषध एकूण सुटलेल्या औषधाच्या बेरजेत धरायला हमखास विसरतात, आणि मग आलेख खोटाच खाली झुकतो. पीएच घसरला तर आम्ल साचून झीज वेग घेते. सगळा बफर बदला. वीज गेली तर किती वेळ आणि तापमान किती उतरलं, तेही वहीत लिहा.