ओव्हनमध्ये मटणाची रान चिवट होते? या चुका टाळा

धुळवडीला घरचे जावई आले, म्हणून मी पहिल्यांदा अख्खी रान, म्हणजे बोकडाची मांडी, ओव्हनमध्ये भाजायला घेतली. सकाळी नऊला खाटकाकडून आणली, दहाला मसाला चोळला, अकराला आत टाकली. २०० अंश, दीड तास. वरून असा तांबूस रंग चढला की आधी मोबाइलवर फोटो काढला. मग सुरी लावली. जावई काही बोलले नाहीत, नुसते चावत राहिले. बोलली ती आई : "काहून बापा, हे मटन हाय का चपलीची वादी?"

त्यानंतर बऱ्याच राना भाजल्या. आता कळतं की दोष ना बोकडाचा होता, ना ओव्हनचा. आपला हात रश्शाचा. रश्शात चार गोष्टी चुकल्या तरी पाणी सांभाळून घेतं. ओव्हनमध्ये कोरडी गरम हवा, आणि मांसाजवळ जेवढा स्वतःचा ओलावा आहे तेवढाच.

सकाळी कापलं, दुपारी भाजलं

बाजाराच्या दिवशी पहाटे कापलेलं ते सगळ्यात चांगलं, असंच आपण मानतो. तुकडे करून रस्सा करायचा असेल तर चालतं. पण जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू आखडतात आणि ते पुन्हा सैल पडायला साधारण एक दिवस लागतो. अख्खी मांडी त्या आखडलेल्या अवस्थेत भाजली तर दात दुखणारच.

रविवारचा बेत असेल तर शनिवारी रान आणा. खाटकाला आधीच सांगा, "भाऊ, तुकडे नको, फक्त नळी मोडून द्या." नाहीतर बोलता बोलता त्याचा सत्तूर चाललेला असतो. लहान ओव्हनमध्ये नळी न मोडता रान बसतच नाही, हे मी दार अर्धं उघडं ठेवून शिकलो. वरची पांढरी झिल्ली सुरीने सोलून टाका, ती शिजत नाही, आवळते. मग किलोमागे १० ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आत मुरतं आणि भाजताना ओलावा धरून ठेवतं.

भाजण्याआधी मांस तासभर बाहेर ठेवा, असं व्हिडिओत सांगतात. त्यांचं घर २० अंशांचं असतं. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे तासभर बाहेर ठेवलेलं मटण वासच मारायला लागेल. ओव्हन तापेपर्यंत बाहेर राहिलं तेवढं पुरे.

बीफचा हिशोब बोकडाला लावणं

हे व्हिडिओ बहुतेक बीफ रोस्टचे असतात. तिथे पाठीकडचा, आतून चरबीच्या रेषा असलेला तुकडा घेतात आणि आतलं तापमान ५५ अंशांच्या आसपास गेलं की बाहेर काढतात. आत गुलाबी, तरी मऊ. आपल्या महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. ओव्हन घेतलेला माणूस वळतो तो बोकडाकडेच. आणि कृती मात्र तिकडचीच उचलतो.

आपला बोकड दिवसभर धुऱ्याने हिंडून चरलेला. त्याच्या मांडीत चरबी कमी, शिरा-तंतू जास्त. आतलं तापमान ६० ते ७० अंशांत पोहोचलं की मांसाचे धागे आकसतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. ते पांढरे तंतू विरघळून चिकट, मऊ व्हायला मात्र त्याच्या पुढची उष्णता लागते, आणि वेळ लागतो. म्हणजे ७५ अंशांवरची रान सगळ्यात वाईट : पाणी गेलेलं, तंतू मात्र जसेच्या तसे. माझी धुळवडीची रान नेमकी तिथेच अडकली होती. चिवट लागली म्हणून मी घाबरून बाहेर काढली. खरं तर तिला अजून दीड-दोन तास हवे होते.

आतलं तापमान ९० च्या पुढे गेलं पाहिजे. त्यासाठी ओव्हन १५० अंशांवरच ठेवा, ओव्हनमधला पंखा चालू असेल तर १३०. ट्रेमध्ये रान, खाली कांद्याचे जाड काप, वाटीभर पाणी, आणि वरून दुहेरी फॉइल कडांना गच्च दाबून. फॉइल वरच्या रॉडला टेकू देऊ नका. झाकणाचं जाड भांडं असेल तर उत्तम, कडेला कणीक लिंपून टाका. दीड-पावणेदोन किलोच्या रानेला अडीच ते तीन तास लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. टोचायचा थर्मामीटर हाडाला न टेकवता आत घाला. तो नसेल तर विणायची सुई घ्या. लोण्यात शिरावी तशी शिरली पाहिजे.

आमच्याकडे, दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात, आणखी एक भानगड. बोअरचं पाणी ट्रेत टाकलं की ते आटून खालचा रस खारट होतो. कॅनचं पाणी वापरा.

मसाला कधी

सावजी वाटण, खोबरं, खसखस, भिवापुरी मिरची हे सगळं सुरुवातीलाच वरून थापून उघड्यावर भाजलं तर मांस शिजायच्या आधी ते जळून कडू होतं. जवसाचं तेल तर फार लवकर धुरावतं. अर्धं वाटण आधी चोळून झाकण लावा. रान मऊ झाली की झाकण काढा, उरलेलं वाटण शेंगदाण्याच्या तेलात कालवून लावा आणि २२० अंशांवर १५ मिनिटं. या वेळी स्वयंपाकघर सोडून जाऊ नका.

कच्ची पपई चमचाभरच, तीही दोन तास. रात्रभर ठेवली तर वरचा थर पिठासारखा होतो आणि आतला भाग होता तसाच राहतो, कारण पपई आत पोहोचतच नाही.

व्होल्टेज

कोणत्याच कृतीत हे लिहिलेलं नसतं. रब्बीत शेतातले पंप सुरू झाले की घरातला दिवा पिवळा पडतो. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) हिशोबाने घटते : २३० चे १८० झाले तर २००० वॅटचा ओव्हन जेमतेम १२०० वॅटचं काम करतो. काटा १५० वर, पण आत तेवढी उष्णता यायला बराच जास्त वेळ लागतो. आतमध्ये ठेवायचा साधा ओव्हन-थर्मामीटर घ्या आणि जमेल तर पंप बंद असताना भाजा. मधेच लाइन गेली तर दार उघडू नका. जाड भांडं बराच वेळ गरम राहतं. सुरुवातीलाच गेली आणि अर्ध्या तासात आली नाही तर सरळ गॅसवर घ्या. कोमट मटण तासन्‌तास ठेवणं म्हणजे आजाराला आमंत्रण.

बाहेर काढल्यावर २० मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर सगळा रस पाटावर सांडतो. कापताना मांसाचे धागे कोणत्या दिशेने धावतात ते बघा आणि त्यांना आडवी सुरी चालवा.

एवढं करूनही चिवट निघाली, तर पाहुण्यांसमोर चावत बसू नका. हाडापासून मांस सोडवा, ट्रेमधल्या रसासकट कुकरमध्ये घाला, पेलाभर गरम पाणी, मंद आचेवर तीन शिट्या. धुळवडीला आईने हेच केलं होतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर तो रस्सा संपला, आणि माझ्या फोटोचं कौतुक फक्त गावाच्या ग्रुपवर झालं.