सुका कचरा देण्यापूर्वीची तयारी

ओला कचरा एका डब्यात आणि सुका दुसऱ्या डब्यात टाकला की आपले काम संपले, अशी बहुतेक घरांत समजूत असते. परंतु सुक्या कचऱ्यातील किती माल खरोखर विकला जाईल, हे तो किती कोरडा आणि स्वच्छ आहे यावर ठरते. आमटीने माखलेली रद्दी वेगळ्या डब्यात ठेवूनही अखेर कचरा डेपोतच जाते.

सुरुवात दुधाच्या पिशवीपासून करावी, कारण ती रोज येते आणि पॉलिथिनची असल्यामुळे भंगारात तिला मागणीही असते. पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नये. तो नखाएवढा तुकडा कचरा निवडणाऱ्याच्या हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. त्याऐवजी कोपरा पिशवीलाच लटकत राहील इतपतच चीर द्यावी, दूध ओतल्यावर घोटभर पाण्याने पिशवी विसळून ते पाणी दुधातच घालावे, मग एक बाजू पूर्ण उघडून पिशवी ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून ठेवावी. वाळली की ती आपोआप सुटून येते. तेलाच्या पिशवीला पाणी पुरत नाही. ती आतून कणकेच्या गोळ्याने पुसून घेण्याची जुनी रीत आजही सर्वांत सोयीची आहे, शिवाय तेलही वाया जात नाही.

वेफर्सची आतून चकचकीत असलेली पाकिटे मात्र या पिशव्यांत मिसळू नयेत. त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही, त्यामुळे भंगारवाला ती सहसा घेत नाही. थंड पेयाच्या आणि शाम्पूच्या बाटल्या विसळून, निथळून द्याव्यात. तळाशी त्रिकोणात १ हा अंक असेल तर ती बाटली ‘पेट’ (PET) नावाच्या प्लास्टिकची आणि २ असेल तर जाड पॉलिथिनची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

वर्तमानपत्रे घडी घालून कोरड्या जागी ठेवावीत, खोक्यांची चिकटपट्टी काढून पुठ्ठा सपाट करावा. पिझ्झाच्या खोक्याचे झाकण रद्दीत चालते, पण तेलकट तळ फाडून वेगळा करावा, कारण कागदाचा लगदा करताना तेल निघत नाही. दुकानातील गुळगुळीत पावत्यांवर रसायनाचा लेप असतो, म्हणून त्या रद्दीत घालू नयेत.

फुटलेली काच वर्तमानपत्राच्या तीन-चार पदरांत गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहून कचरा नेणाऱ्याच्या हातात द्यावी. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यात रुजवण्याचा प्रयत्न झाला. हाताने कचरा निवडणाऱ्यांसाठी ती इतकी उपयोगी आहे की कोणत्याही गावात पाळावी. बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे २०१६च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असल्याने ते न फोडता, शक्यतो त्यांच्याच खोक्यात घालून वेगळे ठेवावेत आणि संकलनाच्या दिवशी द्यावेत.