पुण्याची पिन समुद्रात पडते तेव्हा: अक्षांश-रेखांशाच्या या चुका टाळा

नकाशाच्या ॲपमध्ये १८.५२, ७३.८५ असं टाकलं की पिन पुण्यात पडते. हेच दोन आकडे उलटे टाकले तर ती थेट नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात जाऊन पडते. ॲप काही कुरकुर करत नाही, कारण ७३.८५ उत्तर, १८.५२ पूर्व हीसुद्धा पृथ्वीवरची रीतसर जागा आहे. अक्षांश-रेखांशातल्या चुका अशाच गुपचूप होतात. त्यातल्या बऱ्याच चुकांचं कारण म्हणजे आपण अंशाला किलोमीटरसारखं लांबीचं माप धरतो. अंश हा कोन आहे. विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, तो अक्षांश. ग्रिनिचच्या मूळ रेखावृत्तापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, तो रेखांश. एवढं डोक्यात पक्कं असलं की खालच्या चुका स्वतःच्या स्वतः पकडता येतात.

आकड्यांची अदलाबदल

भारतापुरतं बघायचं तर ही चूक पकडणं अगदी सोपं. आपल्या देशाचे अक्षांश निकोबारपासून काश्मीरपर्यंत साधारण ६ ते ३७, आणि रेखांश ६८ ते ९७. हे दोन पट्टे कुठेच एकमेकांवर येत नाहीत, म्हणजे लहान आकडा नेहमी अक्षांशाचाच. परदेशात ही युक्ती चालत नाही. तिथे खूण एकच, अक्षांश ९० च्या वर जाऊ शकत नाही.

खरा घोळ होतो तो फाइलींमुळे. गूगल मॅप्सच्या शोधपट्टीत अक्षांश आधी लागतो, तर केएमएल आणि जिओजेसन या नकाशावरच्या जागा साठवणाऱ्या फाइलींत रेखांश आधी लिहायचा असतो (आलेखात क्ष आधी, मग य, तसं). गडकिल्ल्यांची यादी एक्सेलमधून केएमएलमध्ये नेली आणि सगळे किल्ले आर्क्टिकमध्ये गेले, तर आधी दोन रकाने बदलून बघा. बहुतेक वेळा दुसरं काही बिघडलेलं नसतं.

उणे चिन्हाचंही तसंच. दशांशात लिहिताना पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे असतात. न्यूयॉर्क म्हणजे ४०.७, -७४.०. उणे लिहायचं राहिलं की तुम्ही किरगिझस्तानच्या डोंगरात. आपल्याकडच्या जागांना उणे कधी लागत नाही, म्हणून हे हमखास विसरतं.

मिनिटांना दशांश समजणे

ही चूक सगळ्यात वाईट, कारण उत्तर जवळपास बरोबर दिसतं. पुस्तकात पुणे १८°३१′ उत्तर, ७३°५१′ पूर्व असं दिलेलं असतं. ते पाहून कुणी फोनमध्ये १८.३१, ७३.५१ टाकतं. पिन महाराष्ट्रातच पडते, सह्याद्रीही दिसतो, त्यामुळे शंका येत नाही. पण ती जागा पुण्याच्या नैऋत्येला चाळीस किलोमीटरहून लांब आहे, तोरणा आणि रायगड यांच्या मधल्या डोंगररांगांत.

अंशाची ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद. त्यामुळे ३१ मिनिटं म्हणजे ३१ भागिले ६०, म्हणजे ०.५२. तसंच ५१ भागिले ६० म्हणजे ०.८५. ओळखायची खूण अशी: टिंबानंतरचे दोन आकडे ६० किंवा त्याहून मोठे असतील तर ती मिनिटं असूच शकत नाहीत. लहान असतील तर मात्र मूळ ठिकाणी ° आणि ′ ही चिन्हं होती का, हे बघण्यावाचून गत्यंतर नाही. चिन्हं गाळून आकडे व्हॉट्सॲपवर पाठवायची सवय मोडलेली बरी.

किती दशांश लिहायचे, याचाही अंदाज हवा. दोन दशांश म्हणजे साधारण एक किलोमीटरची अचूकता, चार म्हणजे अकरा मीटर. गावाची जागा सात-आठ दशांशांत देणं निव्वळ दिखावा आहे.

एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, पण सगळीकडे नाही

शाळेत पाठ केलेला हा आकडा अक्षांशाच्या बाबतीत कुठेही चालतो, थोडाफार फरक सोडला तर. रेखांशाच्या बाबतीत तो फक्त विषुववृत्तावर खरा. रेखावृत्तं संत्र्याच्या फोडींसारखी ध्रुवांशी एकत्र येतात, त्यामुळे एका अंशाचं अंतर कमी कमी होत जातं. मुंबईच्या अक्षांशावर ते १०५ किलोमीटर, श्रीनगरपाशी ९२, लंडनपाशी ६९, आणि ध्रुवावर शून्य. कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर १११ ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. महाराष्ट्रात सरसकट १११ धरलं तर पूर्व-पश्चिम अंतरात दर शंभर किलोमीटरमागे पाच-सहा किलोमीटरची चूक होते. तोंडी परीक्षेत खपून जाईल, ट्रेकला नाही.

याच कारणाने जगाचा भिंतीवरचा नकाशा फसवतो. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये दर्यावर्दींच्या सोयीसाठी केलेल्या आराखड्यात रेखावृत्तं समांतर ठेवलेली असतात, म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे, आणि आपला भारतही ग्रीनलँडपेक्षा चांगलाच मोठा आहे. क्षेत्रफळाची तुलना या नकाशावरून कधीच करू नका.

प्रमाण आणि टोपोशीट

१:५०,००० आणि १:१०,००,००० यांत बृहत्प्रमाण (जास्त तपशील दाखवणारं) कोणतं? पुष्कळ जण दुसरं सांगतात, कारण आकडा मोठा. बरोबर उत्तर पहिलं. तो अपूर्णांक आहे, खालची संख्या वाढली की किंमत घटते. १:५०,००० मध्ये कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर.

पण हे फक्त मूळ आकाराच्या कागदावर खरं. नकाशाची झेरॉक्स लहान-मोठी केली, फोटो काढून फोनवर झूम केला, की अंकप्रमाण, म्हणजे १:५०,००० असं आकड्यांत लिहिलेलं प्रमाण, खोटं ठरतं. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशाखालची अंतराची पट्टी, नकाशाबरोबरच लहान-मोठं होतं, म्हणून तेच खरं राहतं. झेरॉक्स काढताना लोक नेमकी तीच खालची पट्टी कापतात!

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेतली टोपोशीट (डोंगर, ओढे, रस्ते दाखवणारा तपशीलवार नकाशा) शोधताना आणखी एक गोची होते. पुणे शहर ४७ एफ/१४ वर येतं. ४७ हा चार अंश बाय चार अंशाचा मोठा चौकोन, त्याचे ए ते पी असे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा १ ते १६. आपण सवयीने डावीकडून उजवीकडे मोजत जातो, पण हे क्रम वरून खाली, स्तंभाने जातात. १ ते ४ पहिल्या उभ्या रांगेत, ५ ते ८ दुसऱ्या. शेजारची पूर्वेकडची शीट हवी असेल तर क्रमांकात एक नव्हे, चार मिळवायचे. शेवटच्या उभ्या रांगेतून पूर्वेला जायचं झालं तर मात्र अक्षरच बदलतं.

शीट उघडल्यावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मोजताना दोन रेषांमधलं उंचीचं अंतर किती मीटरचं ते आधी वाचा. १:५०,००० च्या शीटवर ते सहसा २० मीटर असतं. दाट रेषा म्हणजे तीव्र चढ, हे सगळ्यांना पाठ असतं. दरी आणि सोंड यांत मात्र नेहमी घोटाळा होतो. रेषांचं टोक चढाच्या दिशेला वळलेलं असेल तर ती दरी किंवा ओढा, उताराच्या दिशेला असेल तर सोंड.

वेळेचं गणित

रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटांचा वेळ, पूर्वेकडे पुढे, पश्चिमेकडे मागे. इथली नेहमीची चूक म्हणजे एक जागा पूर्वेला, दुसरी पश्चिमेला असताना रेखांशांची वजाबाकी करणं. पुणे साधारण ७४ पूर्व, न्यूयॉर्क ७४ पश्चिम. वजाबाकी केली तर उत्तर शून्य, म्हणजे दोन्हीकडे एकच वेळ! इथे बेरीज करायची: १४८ अंश, म्हणजे ९ तास ५२ मिनिटं. घड्याळात मात्र हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक दिसतो. गणित चुकलेलं नसतं. ते स्थानिक वेळेचं होतं आणि घड्याळं प्रमाणवेळेवर चालतात.

भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची. हे रेखावृत्त महाराष्ट्रातून जात नाही, आणि कर्कवृत्तही जात नाही. दोन्ही प्रश्न परीक्षेत फसवायला विचारतात. मुंबई त्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला साडेनऊ अंशांहून अधिक लांब, म्हणून तिची स्थानिक वेळ ३९ मिनिटं मागे आहे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी मुंबईने स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. शून्य सावली (सूर्य बरोबर डोक्यावर आल्याने उभ्या काठीची सावली नाहीशी होते ती) बघायला लोक बरोबर बारा वाजता काठी रोवून बसतात आणि सावली दिसली की हिरमुसतात. मुंबईत मेच्या मध्यावर ती वेळ १२:३५ च्या आसपास असते, नागपुरात मेअखेरीस १२:१० च्या सुमारास.