रात्रीत उतरणारी बॅटरी : मीटर लावा, पण गाडीला आधी झोपू द्या

रात्री व्यवस्थित बंद केलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, अशी तक्रार आली की बहुतेक गॅरेजमध्ये ग्राहकाला आधी नवी बॅटरी विकली जाते आणि थोड्याच दिवसांत तोच ग्राहक तीच तक्रार घेऊन परत येतो. ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कामात नव्याने उतरलेल्यांना मीटर कसा धरावा हे ठाऊक असते असे मी गृहीत धरतो. अडचण येते ती मीटरवर दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ लावताना.

सुरुवात साध्या हिशेबाने करावी. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज) बॅटरी असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरची) मेमरी यांना करंट लागतोच, आणि तो २० ते ५० मिलिॲम्पिअरच्या दरम्यान असेल तर त्यात दोष मानू नये, कारण ५० मिलिॲम्पिअरनेसुद्धा दिवसाला फक्त १.२ एएच खर्च होतात. डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तरी दहा तासांत सुमारे ४ एएच जातात, आणि तेवढ्याने सुदृढ बॅटरी बसत नाही. म्हणजे गाडी एकाच रात्रीत बंद पडत असेल, तर गळती (बंद गाडीत नको तिथे वाहणारा करंट) बरीच मोठी तरी आहे किंवा बॅटरी मुळात थकलेली किंवा अर्धवट चार्ज झालेली तरी आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर सुटी ठेवावी; सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले आणि लोड टेस्टमध्येही (मोठा करंट ओढून घेतलेल्या चाचणीत) ती टिकली, तरच गाडीतल्या गळतीमागे लागावे. डायनॅमो चार्ज करतो की नाही हे इंजिन चालू असताना टर्मिनलवर मीटर लावून पाहावे. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात. त्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत कोणत्याही उस्तादाने सांगितली तरी वापरू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू जळू शकतो.

आता त्या सापळ्याविषयी, ज्यात मी सर्वाधिक काळ अडकून पडलो होतो. निगेटिव्ह टर्मिनल काढून मधे ॲमीटर लावला की गाडीतली सगळी कंट्रोल मॉड्यूल (दारे, दिवे वगैरे सांभाळणारे छोटे कंप्युटर) नव्याने वीज मिळाल्यामुळे जागी होतात आणि मीटरवर शेकडो मिलिॲम्पिअर, कधी तर काही ॲम्पिअर दिसतात. नवखा माणूस हीच गळती समजतो आणि एकेक फ्यूज काढू लागतो. त्याच वेळी एखादे मॉड्यूल आपल्या वेळेनुसार झोपते, म्हणजे काम थांबवून अगदी कमी करंटवर जाते, आकडा घसरतो, आणि हातात असलेल्या फ्यूजच्या सर्किटवर विनाकारण आळ येतो. पुढे तो फ्यूज परत बसवला की ते सर्किट पुन्हा जागे होते, आकडा पुन्हा चढतो, आणि चुकीचा निष्कर्ष सिद्ध झाल्यासारखा वाटतो. ‘एकेक फ्यूज काढत जा’ हा सल्ला देणारे उस्ताद खोटे बोलत नाहीत. ते ज्या गाड्यांवर शिकले त्यांत झोपणारे आणि जागे होणारे काही नव्हतेच. मात्र आजच्या गाडीवर हाच सल्ला कारण न सांगता देणारा माणूस शिकवत नाही, नुसता राबवून घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून गाडी झोपेपर्यंत थांबावे. काही गाड्यांना दहा मिनिटे पुरतात, काहींना पाऊण तासही लागतो. काच खाली घेऊन ठेवावी, दाराचे आणि बॉनेटचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणावे, म्हणजे गाडीला दारे आणि बॉनेट बंदच वाटतात आणि आत हात घालताना दार उघडावे लागत नाही. बटण-स्टार्ट गाडीची चावी लांब ठेवावी, कारण ती जवळ असली तर काही गाड्या झोपतच नाहीत. मीटर १० ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये लावून, टर्मिनल काढण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि केबल यांना एका तात्पुरत्या वायरने जोडावे; मीटर बसल्यावर ती वायर काढली की वीज मधे तुटत नाही. मीटर लावलेला असताना कोणी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडतो आणि त्यानंतर मीटर शून्य दाखवतो. त्या शून्याला ‘गळती नाही’ समजू नका. आधुनिक गाडीत खरा शून्य येतच नाही.

आकडा स्थिर झाल्यावरही ५० मिलिॲम्पिअरच्या बराच वर राहिला, तर फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजावेत. करंट वाहत असेल तरच तिथे काही मिळते. १० ॲम्पिअरच्या लहान ब्लेड फ्यूजवर १०० मिलिॲम्पिअरला साधारण पाऊण मिलिव्होल्ट मिळतो, त्यामुळे ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर हवा. हे किचकट वाटते, पण सवय झाली की पूर्ण फ्यूजबॉक्स थोड्या वेळात तपासून होतो.

दोषी सर्किट सापडल्यावर मी आधी नंतर बसवलेल्या वस्तू पाहतो. स्टिरिओची चावीवर चालणारी वायर कायमच्या सप्लायला जोडलेली असणे, डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर थेट बॅटरीवर असणे, हे नेहमीचे प्रकार आहेत. त्यानंतर चिकटलेला रिले. तो बंद गाडीतही हाताला कोमट लागू शकतो. एकाही फ्यूजवर काही मिळाले नाही, तर डायनॅमोच्या डायोडवर (बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ न देणाऱ्या भागावर) संशय घ्यावा. बॅटरी सोडवून डायनॅमोची जाड वायर काढावी, तिचे टोक टेपने झाकावे आणि मग पुन्हा मोजावे. आकडा पडला तर दोष तिथेच आहे.

बॅटरीला कटआउट स्विच (बॅटरी हाताने तोडण्याचे बटण) बसवून ग्राहकाला रवाना करणे ही दुरुस्ती नव्हे, आणि त्याचे पैसे घेऊ नयेत. दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा झोपू द्यावी, पुन्हा मोजावे आणि बॅटरी चार्जरवर पूर्ण भरूनच गाडी सोडावी, कारण घर ते ऑफिस एवढ्या फेऱ्यांत डायनॅमो ती भरून काढत नाही. झोपेनंतरचे रीडिंग मी बिलावर लिहून देतो, म्हणजे पुढे कोणी नवे उपकरण बसवले आणि तक्रार परत आली, तर तुलनेला तो आकडा हाताशी असतो.