शिडाची दोरी बांधून ठेवू नका
वीकेंडला गंगापूर धरणावर छोटी शिडाची होडी घेऊन उतरणार असाल तर एकच सांगतो, शिडाची दोरी (जिने शीड ओढतो किंवा सैल सोडतो ती) गाठ मारून ठेवायची नाही, हातातच धरायची. पाण्यावर काळपट सुरकुत्यांचा पट्टा आपल्याकडे सरकताना दिसला की वाऱ्याचा झोत आलाच समजा, होडी कलते आणि आपण घाबरून दोरी अजून ओढतो, झालं, पलटी! उलट ढील द्यायची, शीड फडफडेल, होडी सरळ होईल. पांढरा फेस दिसायला लागला म्हणजे वारा ताशी 20 किमीच्या आसपास, नवशिक्यांनी सरळ काठ गाठावा. लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावा (आमचा मेव्हणा उपरण्यासारखं नुसतं गळ्यात अडकवतो), आणि उलटलीच तर पोहत सुटू नका, होडीला धरून राहा.